मधली पायरी

लातूरच्या ट्यूशन एरियात खोली भाड्यानं घ्यायला गेलं, की मालक हल्ली दोनच गोष्टी विचारतो. पोरगं कितवीला आहे, आणि घरात बोलकं माणूस कोण आहे. पहिल्याचं उत्तर काहीही चालतं. दुसऱ्याला 'कुणी नाही' म्हटलं, की शेजारच्या खोल्यांतल्या आईबापांना हायसं वाटतं. पूर्वी परीक्षेच्या दिवसांत घरोघरी टीव्ही बंद असायचे, आता तोंडं बंद असतात. जिन्यात दोन बाया भेटल्या तर मान हलवून पुढं होतात. भाजीवाला गाड्यावर भावाच्या पाट्या लावून मुक्यानं फिरतो. ज्या गावात माणसं रस्त्यात तासभर उभ्यानं बोलायची आणि वर 'बोलू की निवांत' म्हणून निघायची, त्या गावाची ही तऱ्हा झाली.

याच एरियात, एका तिमजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर, रेवणसिद्ध हालगे बायको-मुलीसह राहायचा. शाळेला मराठीच्या मास्तराची गरज उरली नाही, तेव्हाच नेमकी ती क्लासवाल्यांना लागली. त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. तो क्लाससाठी उतारे लिहायचा.

उतारे कशाला, तर सामाईक कसोटीतल्या तर्कवाचनाच्या पेपरासाठी. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा नाहीतर तहसीलदार व्हा, हा पेपर सगळ्यांना एकच. पडद्यावर उतारा येतो. दोन वाक्यांच्या मध्ये जागा रिकामी असते आणि तिथं घालायला चार जोडशब्द दिलेले असतात. म्हणून, तरीही, शिवाय, याउलट, असे. आधीच्या वाक्याचा पुढच्याशी संबंध काय, हे ओळखून एक निवडायचा. दिसायला पोरखेळ. पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ज्याला कळतं, त्याला रोगाचं निदानही जमेल आणि पुलाचं गणितही, असं कसोटी घेणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

अडचण एवढीच, की चारातला एक ठोकून द्यायची कला पोरांनी अवगत केली होती. मग पट्टी आली. वाचताना मेंदू शब्दाची वाट पाहत बसत नाही. पुढं काय येणार याचा अंदाज बांधून तो आधीच तिथं जाऊन उभा असतो. अंदाजाप्रमाणे शब्द आला तर सगळं शांत. भलताच आला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत विजेची एक बारीक लाट उठते. शास्त्रज्ञांना ही लाट फार पूर्वीपासून ठाऊक होती. नवी गोष्ट अशी, की कपाळाला बांधायच्या साध्या कापडी पट्टीतून ती आता एकेका शब्दागणिक पकडता येऊ लागली. परीक्षेत बटण दाबायचं कामच उरलं नाही. रिकाम्या जागेत चारही शब्द एकामागून एक चमकतात, आणि ज्या शब्दाला लाट सगळ्यात लहान उठते, ते तुमचं उत्तर धरतात. हात खोटं बोलेल, लाट बोलत नाही.

लातूरनं यावरही तोड काढली. अंदाज मोजताय ना, मग आम्ही अंदाजच घडवतो. सरावाच्या पट्टीला कानाशी एक चिमटा जोडला. कानाच्या खोलगट भागात एका मज्जातंतूची फांदी येते, आणि त्याच तंतूची दुसरी वाट खाली पोटाकडं जाते. मुलानं मनातल्या मनात बरोबर शब्दाची वाट पाहिली, की चिमट्यातून मंद झिणझिणी, बरं वाटेल अशी. फसव्या शब्दाची वाट पाहिली, की दुसऱ्या चालीचा ठोका, आणि पोटात ढवळतं. फार नाही, कडू औषधाच्या चमच्याइतकंच. काही महिन्यांत मुलाचा मेंदू वाक्याच्या पुढं धावायला लागतो. याला क्लासच्या भाषेत 'झेप' म्हणायचे. झेप आली, की मग सैल बोलणं सोसत नाही. समोरचा भरकटला, की या मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात, डोकं धरतं. आयाबाया हे अभिमानानं सांगायच्या, अर्थात खुणेनं.

उतारे लिहिणाऱ्यानं मात्र पट्टी घालायची नाही, असा क्लासचा सक्त नियम होता. ज्याला चुकीचं वाक्य ऐकून मळमळतं, तो चुकीचं वाक्य लिहिणार कसं?

आणि चुकीची वाक्यं हीच रेवणसिद्धची खासियत होती. बरोबर उतारा कुणीही लिहील. फसवा उतारा लिहायला हात लागतो. चुकीचा जोडशब्द कानाला इतका घरचा वाटला पाहिजे, की पोरगं डोळे मिटून त्यात जाऊन पडलं पाहिजे. हालगे सरांचे फसवे जिल्ह्यात गाजत होते. ते येतात कुठून, हे मात्र त्याच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

सुमित्रा मूळची औशाकडची. घरी ब्लाऊज शिवायची आणि मशीनच्या पायडलबरोबर तिचं तोंडही चालू असायचं. बाया शिवणापेक्षा तिचं बोलणं ऐकायलाच यायच्या. तिची एक खोड होती. ती मधली पायरी गिळून बोलायची. "दार वाजलं नाही, म्हणून वळखलं तुम्हीच आलेत." ऐकणारा चक्रावेल. पण रेवणसिद्ध कधीच दार वाजवत नाही, नुसता चपला आपटून उभा राहतो, हे तिला ठाऊक आणि त्याला ठाऊक. "ऊन लई चढलंय, तवा तुमचा निळा शर्ट काढून ठेवलाय." मागं एकदा शाळेच्या मैदानात घट्ट शर्टात त्याला भोवळ आली होती आणि निळा शर्ट सुती होता. एवढं सगळं कशाला बोलत बसायचं?

आणि एक होतं तिचं अगदी ठरलेलं. "गल्लीत बँड वाजायलाय, म्हणून शेंगदाणे भाजायले." शांभवी, त्यांची एकुलती एक, लहानपणी वरातीच्या बँडला फार भ्यायची. ढोल वाजला की आईच्या मांडीत तोंड खुपसायची. तेव्हा सुमित्रा तिला ओट्यावर बसवायची, शेंगदाणे भाजायची आणि गरमगरम मूठभर तिच्या हातात गुळाच्या खड्यासकट कोंबायची. फुंकर घालून एकेक दाणा खाण्याच्या नादात पोरगी बँड विसरायची. पोरगी मोठी झाली, भीती गेली. तरी लग्नसराईत ढोल ऐकू आला, की सुमित्राचा हात आपोआप शेंगदाण्याच्या डब्याकडं जायचा.

हे वाक्य रेवणसिद्धनं नावगाव काढून उताऱ्यात घातलं. गल्लीत वरातीचा बँड वाजू लागला, रिकामी जागा, तिने शेंगदाणे भाजायला घेतले. बरोबर उत्तर 'त्याच सुमारास'. फसवं उत्तर 'म्हणून'. पोरं धडाधड पडली. मग त्यानं निळा शर्ट घातला, न वाजलेलं दार घातलं. हळूहळू बायकोच्या बोलण्यातलं काही शिल्लक राहिलं नाही. तिला त्यानं सांगितलं तेव्हा ती खुशीत हसली होती.

"लिवा की. माझ्या बोलण्याला पहिल्यांदाच कुणीतरी भाव द्यायलंय."

शांभवी बारावीला गेली, तशी तिलाही पट्टी लागली. पोरगी शांत, जिद्दी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते कुणी तिच्या डोक्यात भरवलेलं नव्हतं. शेजारच्या आजीची जखम ती सहावीत असल्यापासून पुसायची. सुरुवातीला तिचे गुण मध्येच कुठंतरी अडकले. मग दिवाळीनंतर जे वर चढले, ते थांबेचनात. रेवणसिद्ध मनातून सुखावला.

एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले होते. भाकरी, डाळ, कांदा. लांबून कुठूनतरी ढोल ऐकू आला. सुमित्रा ताटावरून उठत म्हणाली, "शांभू, बँड वाजायलाय बघ, म्हणून आता शेंगदाणे..."

शांभवीचा घास हातातच राहिला. चेहरा पांढरा पडला. ती उठून मोरीकडं धावली आणि जेवलेलं सगळं ओकून टाकलं.

सुमित्रा मागोमाग गेली. पाठीवरून हात फिरवत बोलत राहिली, तिच्या पद्धतीनं, एक सोडून दुसरंच. शांभवीनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मोरीत वाकून ती एकच वाक्य म्हणाली, स्वच्छ आणि पूर्ण.

"आई, तू बोललीस की मला मळमळतं, त्यामुळे कृपा करून बोलू नकोस."

पित्त झालं असेल, असं त्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं. पण रेवणसिद्धला ते पटेना. घरमालक बसवंतअप्पा म्हणजे भरकटण्यात पटाईत. ते दर महिन्याला भाडं न्यायला येत आणि नळाच्या पाण्यावरून थेट दिल्लीला पोचत. त्यांच्यापुढं शांभवी कपाळाला आठ्या घालून बसायची, एवढंच. मळमळ फक्त आईच्या बोलण्याची होती. तेही आईच्या आवाजाची नव्हे. सुमित्रा 'जेवायला ये' म्हणाली तर पोरगी मुकाट येत होती.

तो क्लासमध्ये शमीम मॅडमकडं गेला. पट्ट्यांचं सगळं यंत्र त्या सांभाळायच्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या, आणि क्लासमध्ये हालगे सरांना मान देणाऱ्या. त्यांनी शांभवीचा सराव पडद्यावर उघडला.

"सर, यंत्र सगळ्यांना सारखे उतारे देत नाही, माहीतच आहे तुम्हाला. जो जिथं पडतो, तिथंच त्याला परत परत नेतं. तुमची मुलगी बाकीच्यांच्या फसव्यांना कधी पडलीच नाही. फक्त तुमच्या."

"फक्त माझ्या?"

"आणि कशी पडायची म्हणता. बाकीची पोरं पडायची, तरी त्यांना थोडी तरी लाट उठायची, कुठंतरी खटकायचं. हिला काहीच नाही. एकदम शांत. जशी काही ती वाक्यं हिला खरीच वाटतात." शमीम मॅडमनी एका रेषेवर बोट ठेवलं. "मग यंत्रानं तेच धरलं. दिवाळीपासून निम्म्याच्या वर सराव तुमच्याच वाक्यांवर झालाय. आता बघा, पक्की झाली."

त्या वाक्यांना शांभवीला लाट उठणार तरी कशी? बाकीच्या पोरांना बँड आणि शेंगदाणे यांच्यात काही दिसत नव्हतं. हिला दिसत होतं. मधली पायरी ती स्वतः होती, ओट्यावर बसलेली, मूठ आवळलेली. यंत्राला ते कळायचं काही कारण नव्हतं. त्यानं एक दुबळी जागा शोधली आणि इमानेइतबारे तिथं औषध ओतत राहिलं. आणि ती वाक्यं बापानं, बापाच्या हातानं, त्याला पुरवली होती.

"उलटा सराव होतो का?" त्यानं विचारलं.

"होतो. पाच-सहा महिने लागतात. पण मग झेप जाते सर, सगळीच जाते. आणि कसोटी पुढच्या महिन्यात आहे." शमीम मॅडमनी पडदा बंद केला. "तुमचे फसवे उतारे मी उद्यापासून काढते. बाकी ठरवणारे तुम्ही."

घरी येऊन त्यानं सुमित्राला सगळं सांगितलं. शांभवी क्लासला गेली होती. सुमित्रानं ऐकता ऐकता मशीन चालूच ठेवलं, बाहीची शिवण पुरी केली, दोरा दातानं तोडला.

"म्हंजे माझ्या बोलण्यानं लेकराला उमासे यायलेत."

"तुझ्या नाही. मी लिहिलेल्या..."

"ते एकच की." ती बाही उलटसुलट करून बघत राहिली. "परीक्षा होईपर्यंत मी गप बसते. या एरियात सगळ्याच बसायल्यात. त्यात काय एवढं."

नको, असं त्यानं म्हणायला हवं होतं. परीक्षा गेली खड्ड्यात, पट्टी फेकून देऊ, पोरीला घेऊन चार महिने औशाला जाऊन राहू, असं म्हणायला हवं होतं. पण पोरीचे गुण त्याच्या डोळ्यांपुढं होते.

"पुढच्याच महिन्यात आहे," तो म्हणाला.

सुमित्रा गप्प झाली. कपडे शिवायला येणाऱ्या बाया मापं देऊन पाच मिनिटं थांबायच्या, हिच्या तोंडाकडं बघायच्या आणि निघून जायच्या. मग त्या यायच्याच बंद झाल्या. शिलाई काय कोपऱ्यावरही होत होती. घरात भांडी वाजायची तेवढाच आवाज. कधी ती ओट्याशी उभी राहून ओठ हलवताना दिसायची, आवाज न काढता. रेवणसिद्धनं एकदा विचारलं, काय म्हणतेस? तिनं नुसती मान हलवली.

परीक्षेच्या आठवड्यात शांभवी त्याच्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, आई आता बोलत नाही, त्यामुळे माझं डोकं दुखत नाही. मला याचं बरं वाटतं." तिनं नजर खाली वळवली. "असं वाटायला नको. तरीही वाटतं."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निकाल लागला. शांभवी राज्यात वरच्या नंबरात आली आणि नागपूरला मेडिकलला तिचा प्रवेश झाला. क्लासनं चौकात तिचा फोटो लावला. सत्काराला हॉल भरला होता. भाषणं नव्हती, समोर पुढच्या वर्षीची पोरं बसली होती ना. नुसत्या टाळ्या वाजल्या. सुमित्रा नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारणींच्या डोळ्यांत बघून हसत होती.

परतल्यावर रेवणसिद्धनं उलट्या सरावाचा विषय काढला. शांभवीला त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती शांतपणे ऐकत होती.

"मेडिकलला दर वर्षी ही कसोटी असते," ती म्हणाली. "झेप गेली तर मी तिथं टिकणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग उलटा सराव केल्यावर मला काय परत मिळेल ते सांगा. म्हणजे मला दोन्ही बाजू तोलता येतील."

आता हे सांगायचं कसं? त्याला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यानं बँडची गोष्ट सांगितली. ओटा, ढोल, गरम शेंगदाणे, गुळाचा खडा. शांभवीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. कपाळावर घाम आला होता, पण ती उठली नाही. शेवटपर्यंत ऐकलं, हे तिचं मोठेपण म्हणायचं.

"मला ते आठवतं पप्पा. बँडची भीती आठवते. शेंगदाणे आठवतात, आई ते भाजायची तेसुद्धा." तिनं टेबलाची कड सोडली. "पण त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आठवतात. त्यांच्यामध्ये काही नाही."

स्वयंपाकघराच्या दारात सुमित्रा उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती तशीच आत वळली.

शांभवी नागपूरला गेली. आठवड्याला फोन यायचा. रेवणसिद्ध आधी मनात वाक्यं जुळवून घ्यायचा आणि मग बोलायचा. सुमित्रा शेजारी बसून फोनला कान लावायची, पोरीचा श्वास ऐकायची आणि फोन संपला की उठायची. आता परीक्षा झालेली होती, घरात दोघंच होते, पण तिची जीभ काही मोकळी झाली नाही. तो मुद्दाम काहीबाही विचारायचा. ती हो, नाही, वाढते, एवढ्यावर भागवायची. बोलणंही अंगवळणी पडलेलं असतं, मोडलं की मोडतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्याला करमत नव्हतं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

हिवाळ्यात एकदा तो क्लासमधून दुपारीच घरी आला. दाराबाहेर चपला काढताना आतून बोलण्याचा आवाज आला. सुमित्राचा. तो तसाच उभा राहून ऐकू लागला.

"आज ऊन पडलं आहे, त्यामुळे कपडे वाळले. मात्र जाड चादर अजून ओली आहे. तुझ्याकडे थंडी जास्त असेल, तर मी तुला माझी शाल पाठवते. अन्यथा तू सुट्टीत आलीस की घेऊन जा."

आणि फोनमधून शांभवी हसत होती. मोकळं, खळखळून, लहानपणी हसायची तसं. किती दिवसांत त्यानं ते हसू ऐकलं नव्हतं.

तो आत गेला. सुमित्रानं फोन खाली ठेवला. तिच्या उजव्या कानाच्या खळग्यात एक लाल वण होता, चिमटा रोज लावल्यावर पडतो तसा. क्लासमधल्या शेकडो पोरांच्या कानावर त्यानं तो पाहिला होता.

"तू पट्टी घातलीस."

"हो. शांभवीच्या कपाटात तिची जुनी पट्टी होती. तुम्ही क्लासला जाता तेव्हा मी सराव करते." ती सरळ त्याच्याकडं बघून बोलत होती. "शांभवी माझं बोलणं ऐकू शकत नव्हती, म्हणून मी माझं बोलणं बदललं. आता ती रोज फोन करते."

या वाक्यात काही खोट नव्हती. मधली एकही पायरी गिळलेली नव्हती. रेवणसिद्धनं तिथंच खुर्ची ओढली आणि तो बसला.

"सराव कुठल्या उताऱ्यांवर केलास?"

"तुमच्याच. पट्टीत साठवलेले जुने सगळे तसेच होते." तिनं कानावरच्या वणाला हळूच हात लावला. "तुमचे फसवे मला फार अवघड गेले. सुरुवातीला मला ते सगळेच बरोबर वाटायचे."

पट्टी काढ, असं म्हणण्याचा त्याला हक्क होता का? पोरगी हसत होती. आईनं आपली वाचा मोजून दिली होती आणि बदल्यात पोरीचा आवाज घेतला होता. सौदा तिचा, घासाघीस करणारा हा कोण? तिला घट्ट धरून रडावंसं त्याला वाटलं. पण रडण्याचं कारण तिनं विचारलं असतं, आणि ते त्याला धड सांगता आलं नसतं.

पुढं औशाहून तिची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. तीही सुमित्रासारखीच बोलायची. सुमित्रानं बहिणीला नीट समजावून सांगितलं, की तिच्या बोलण्यानं आपल्याला त्रास होतो, तेव्हा तिनं राहू नये हे उत्तम. बहीण एसटीत बसेपर्यंत डोळे पुसत होती. रेवणसिद्ध तिला स्टँडवर सोडायला गेला होता. काय सांगणार? 'तिचं मन वाईट नाही' एवढंच तो म्हणू शकला.

लग्नसराई आली. वैशाखातली दुपार होती. सुमित्रा मशीनवर बसून उशांचे अभ्रे शिवत होती. रेवणसिद्ध खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. गल्लीच्या टोकाला ढोल घुमला आणि पाठोपाठ क्लॅरिनेट सुरू झालं. ट्यूशन एरियात वरातीला बंदी होती, पण कुणीतरी हौशी निघालाच होता.

रेवणसिद्धनं पेपर खाली केला. तो तिच्या हातांकडं बघू लागला. बँड इमारतीखाली आला. खिडकीची तावदानं थरथरली. सुमित्राचं मशीन एका लयीत चालत राहिलं.

तो उठला. स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा डबा काढला, तवा ठेवला आणि शेंगदाणे ओतले. उलथनं फिरवायचं त्याला नीट माहीत नव्हतं. काही दाणे खाली सांडले. वास सुटला तसं मशीन थांबलं आणि सुमित्रा दारात आली.

"तुम्ही शेंगदाणे का भाजत आहात?"

"बँड वाजायलाय," तो म्हणाला. "बँड वाजायलाय, म्हणून."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं चौकट धरली. शांभवीसारखीच. त्यानं घाईनं गॅस बंद केला आणि तिच्याकडं न बघता बोलायला लागला, पोरांना उतारा समजावून सांगावा तसं, एकेक पायरी घेत.

"शांभवी लहान असताना तिला बँडची भीती वाटायची. ती घाबरली की रडायची. तिचं लक्ष दुसरीकडं जावं, या हेतूनं तू शेंगदाणे भाजून तिच्या मुठीत द्यायचीस. असं पुष्कळ वेळा झालं. त्यामुळे बँड वाजला की शेंगदाणे भाजायची तुला सवय लागली. आज बँड वाजला, आणि मला त्या सवयीची आठवण झाली. म्हणून मी शेंगदाणे भाजले."

सुमित्रानं पदर हळूहळू खाली घेतला. चेहऱ्यावर रंग परतला. तिनं लक्ष देऊन ऐकलं होतं, दुसऱ्या कुणाच्या घरची हकिकत ऐकावी तसं.

"आता समजलं," ती म्हणाली. "आता ते बरोबर आहे. तुम्हाला भूक लागली आहे का?"

"नाही."

"मग ते गार झाल्यावर डब्यात भरून ठेवा."

ती परत गेली. मशीन पुन्हा एका लयीत सुरू झालं. बँड गल्लीच्या वळणाला लागला होता, आवाज विरत चालला होता. ओट्याशी उभ्या रेवणसिद्धनं तव्यातले मूठभर शेंगदाणे तसेच गरम हातात घेतले आणि मूठ आवळली. चटका बसला, तरी त्यानं ती उघडली नाही.